पेटीतल्या माणसासाठी बोललेला नवस

माझा धाकटा भाऊ मालवाहू बोटीवर नोकरीला होता. साठ सालानंतरच्या एका रजेत त्याने आईसाठी चिनी मातीचे कप आणले. कप सहा, पैकी एकाचा कान तुटलेला. बाकीचे शाबूत राहिले, कारण ट्रंकेत त्यांच्याभोवती त्याने जुनी इंग्रजी कॉमिकं कोंबली होती. बोटीवरच्या गोऱ्या खलाशांनी वाचून टाकून दिलेली. कप पाहुण्यांसाठी म्हणून कपाटात गेले आणि कधीच बाहेर आले नाहीत. कॉमिकं मात्र मी पाटाखाली दाबून सपाट केली, क्रमाने लावली आणि सुतळीने बांधून ठेवली. रद्दी म्हणून आलेल्या मालातला एवढा टिकाऊ माल आमच्या घरात दुसरा आला नाही.

मी तेव्हा मालवणच्या बाजारात एका व्यापाऱ्याच्या पेढीवर कारकून होतो. घर बाजारापासून थोडं लांब, किनाऱ्याच्या वाडीत. घरात आई, बायको, आमची मुलं. इंग्रजी वाचून समजणारा मी एकटा. त्यामुळे रविवारी दुपारी जेवणं झाली की पडवीत बसून मी कॉमिक वाचायचं आणि मालवणीत सांगायचं, असा रिवाज पडला. आई आणि बायको कोकमासाठी रातांबे फोडत, नाहीतर सुपातले तांदूळ निवडत ऐकायच्या. चित्र बघायला मात्र हात पुसून पुढे यायच्या. शेजारणीही येऊ लागल्या.

सगळी कॉमिकं एकाच वीराची होती. दिवसा हा माणूस एका मोठ्या शहरातल्या पोस्टात खिडकीमागे बसून तिकिटं विकायचा. बोलायला लाजाळू, खांदे पडलेले. शहरावर संकट आलं की तो पार्सलांच्या खोलीत शिरायचा, शर्टाची बटणं सोडायचा, आणि आतून निळा घट्ट पोशाख, डोळ्यांवर पट्टी आणि पाठीवर लांब उपरणं घेतलेला वीर बाहेर पडायचा. तो उडायचा, आगगाडी थांबवायचा, पूल खांद्यावर धरायचा. शेवटच्या पानावर पुन्हा खिडकीमागे तिकिटं विकायला हजर.

मला हिशोबाची सवय, म्हणून मी पहिल्यांदा त्याची हजेरी तपासली. कामाच्या वेळेत हा माणूस उठून जातो, खिडकीपुढे रांग उभी असते, आणि साहेब एकदाही रजेचा अर्ज मागत नाही. आमच्या पेढीवर पाणी प्यायला उठलं तरी शेठ घड्याळ बघायचे. बायकोचा आक्षेप वेगळा होता. त्याने लाल चड्डी पोशाखावरून घातलेली तिला अजिबात पटली नाही.

"इतको घट्ट शिवणारो शिंपी गावलो, पण खंयचा आत आणि खंयचा भायर ह्यां सांगणारा कोण गावूक नाय," ती म्हणाली.

खरा वाद डोळ्यांवरच्या पट्टीवरून झाला. बोटभर रुंदीची ती पट्टी. नाक तेच, हनुवटी तीच, आणि तरी पोस्टातल्या कोणालाच तो ओळखू येत नाही. एक बातमीदार बाई तर रोज त्याच्याकडे तिकीट घ्यायची आणि रोज त्या वीराला शोधत फिरायची. मी म्हटलं, इथे लिहिणाऱ्याची चूक दिसते. आईने मान हलवली. तिचं म्हणणं, चूक काहीच नाही. दशावताराच्या खेळात राजा झालेला माणूस दुसऱ्या दिवशी बाजारात वांगी विकायला बसतो. त्याला तिथे कोणी महाराज म्हणत नाही. आणि डोक्यावर मुकुट असताना कोणी त्याला नावाने हाक मारत नाही.

"वळाकतत सगळे," आई म्हणाली. "पण सोंग घेतलेल्या माणसाक वळाक दाखवूची नसता. ती बाई पण शाणी आसा. मुद्दाम इचारणा नाय."

मला हे उत्तर त्या कॉमिकवाल्यांपेक्षाही चांगलं वाटलं.

हळूहळू आम्हांला या गोष्टींचे नियम पाठ झाले. खलनायकाने वीराला पकडलं की लगेच मारायचं नाही. आधी आपला सगळा बेत त्याला पानभर समजावून सांगायचा. शेजारची म्हातारी इथे नेहमी म्हणायची, गप बस की मेल्या. पण तो कधी गप बसला नाही. खलनायकाचे हाताखालचे लोक नेहमी मूर्ख. वीर ठोसा मारताना, आपण आता ठोसा मारतोय, हे तोंडाने सांगायचा. उपरणं कधी कशात अडकायचं नाही. कोणी म्हातारं व्हायचं नाही. आणि प्रत्येक वीराला एक उणेपण असायचंच, नाहीतर भीती कशाची वाटणार?

आमच्या वीराचं उणेपण मीठ होतं. अंगाला खारं लागलं की त्याची शक्ती जायची. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पडवी हसून हसून आडवी झाली. मालवणात हा माणूस एक दिवस टिकला नसता. वाराच खारा. आईला पाहुणचाराची काळजी पडली: तो आमच्याकडे आलाच तर जेवायला काय वाढायचं? बांगडा नाही, सोलकढी नाही, लोणचं तर नाहीच. शेवटी बायकोने अळणी घावने आणि नारळाचा रस ठरवला, आणि मगच पुढचं पान उलटलं.

भाऊ पावसाळ्याआधीच्या बोटीने मुंबईला गेला आणि तिथून त्याच्या जहाजावर. गठ्ठ्यातलं शेवटचं कॉमिक आम्ही त्यानंतरच्या रविवारी काढलं.

त्यातला खलनायक दातांचा डॉक्टर होता. दात भरताना तो लोकांच्या दाढेत बारीक यंत्र बसवायचा, आणि मग ते लोक त्याच्या हुकुमात वागायचे. बातमीदार बाईने वीराला खारे शेंगदाणे दिले, त्याला भोवळ आली, ती डॉक्टरने पाहिली. उणेपण कळलं. झालं. पुढच्या पानांत वीर बेशुद्ध, लोखंडी पेटीत बंद, पेटीला साखळदंड. डॉक्टरने आपल्या माणसांना हुकूम दिला, नेऊन समुद्रात टाका, उरलेलं काम मीठ करील. शेवटच्या चित्रात अर्ध्या पानभर पाणी. लांबवर शिडाची होडी, वर पांढरे पक्षी, किनाऱ्याला एक गाय मान खाली घालून उभी. पेटी बुडतेय, बुडबुडे वर येताहेत. खाली छापलेलं, हा शेवट आहे का? पुढील अंकी पाहा.

आईने चित्र बराच वेळ पाहिलं. "तेंची पण गुरां दर्याच्या वाळूत सुटी फिरतत," एवढंच म्हणाली. मग पुढील अंक कुठे आहे ते विचारलं. मी सुतळी दाखवली. गठ्ठ्यात न वाचलेलं काही उरलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी विहिरीवर पाय धूत होतो. आई तुळशीपुढे दिवा लावून कुंपणाकडे तोंड करून उभी होती. कुंपणापलीकडे आमची वाडी राखणाऱ्या देवाची, राखणदाराची जागा. ती म्हणत होती, "राखणदारा, पेटयेतल्या झिलाक दर्यातसून सुखरूप भायर काड. तुका तांबडो कोंबडो देतंय."

मी तिला म्हटलं, आये, तो चितारलेला माणूस आहे.

"माका ठावक आसा," ती म्हणाली. "चितारलेलो तो. भियालंय ती मी खरीच ना?"

मी पायावर आणखी एक तांब्या ओतला. तिचा खरा झील, माझा धाकटा भाऊ, त्या वेळी कुठल्या पाण्यावर होता, ते तिलाही माहीत नव्हतं आणि मलाही.

आता कोंबड्याविषयी. तो तांबडा कोंबडा माझ्या बायकोचा होता. पावसात भिजलेलं अंडं तिने चुलीजवळ ठेवून कोंबडीखाली सरकवलं होतं, त्यातून हा निघालेला. तुरा एका बाजूला कललेला, आवाज असा की वाडीतले होडीवाले त्याच्यावर उठायचे. आईने तो नवसाला लावल्याचं कळलं तेव्हा बायको आईला काही बोलली नाही. मला मात्र पुष्कळ बोलली.

नवसाचा कोंबडा झाल्यावर त्याचा रुबाब वाढला. त्याला दगड मारायचा नाही, हाकलायचं नाही. तो स्वयंपाकघरात येऊ लागला, गुंडाळलेल्या चटयांवर बसू लागला, कॉमिकच्या गठ्ठ्यावर उभा राहून आरवू लागला. आई त्याला शिजलेला भात घालायची. बायको त्याला पाहून म्हणायची, "खा. तुझो जीव तेच्या जीवार आसा."

तिथे मोठी अडचण होती. पेटीतला माणूस वाचला, तर कोंबडा जाणार. माणूस बुडाला, तर कोंबडा राहणार. आणि माणसाचं काय झालं ते कळल्याशिवाय नवस फेडताही येत नव्हता, सोडताही येत नव्हता. आईला हे रुतून बसलं. बोललेला नवस अंगावर ठेवून ती मोकळेपणाने देवळातही जाईना.

बायकोने मला एकदा बाजूला घेऊन सुचवलं की पुढचा अंक मुंबईहून कोणीतरी वाचून आलं आणि तो माणूस बुडाला, असं आईला सांगावं. मी म्हटलं, छापलेलं हातात नसताना मी काहीच सांगणार नाही. आई उलट बाजूने लागली. म्हणाली, तू शिकलेला आहेस, अंदाजाने सांग की वाचला. तिलाही मी तेच म्हटलं. दोघी माझ्यावर सारख्याच रागावल्या, त्यावरून आपण बरोबर आहोत असं मी धरलं.

तरी मला एक करण्यासारखं दिसलं. मी सगळी कॉमिकं पुन्हा काढली आणि ज्या ज्या अंकाच्या शेवटी वीर संकटात लोंबकळत ठेवला होता, त्याचा पुढचा अंक शोधून ताडून पाहिला. गठ्ठ्यात असे अंक बरेच होते. कड्यावरून पडणारा, करवतीखाली बांधलेला, वाघांच्या पिंजऱ्यात टाकलेला, दर वेळी तो सुटला होता. एकही अपवाद नाही. शिवाय सगळीकडे एकच तऱ्हा दिसली: मागच्या अंकात जे संकट अर्ध्या पानभर रंगवलेलं, ते पुढच्या अंकाच्या पहिल्या पानावर दोन-तीन चौकटींत संपायचं. मी पडवीत हा निकाल वाचून दाखवला. आजवर प्रत्येक वेळी सुटला आहे. या वेळचा कागद मात्र हातात नाही.

आईचा चेहरा उजळला. "मग फेडूचो?"

"अजून खंय भायर इलोसा?" बायको म्हणाली.

आई विचारात पडली आणि तिने सुनेच्या बाजूने निकाल दिला. माणूस बाहेर यायच्या आधी कोंबडा देणं म्हणजे देवाला लाच. आल्यानंतर दिला तर नवस. थांबायचं. भावाला मी पत्र टाकलं, त्यात घरची खुशाली आणि त्याखाली कॉमिकचा हवा असलेला पुढचा अंक नीट लिहून कळवला.

चतुर्थी गेली, पावसाळा गेला. शिमग्याच्या सुमाराला मिठबावचा एक खलाशी आमच्या दारात उतरला. भावाच्या जहाजावरचा. आईने त्याला पाणी द्यायच्या आधी भावाची तब्येत विचारली, पाणी दिल्यावर विचारली, आणि तो निघाला तेव्हा पुन्हा विचारली. भाऊ धडधाकट होता, वजनही वाढलं होतं. त्याने एक पुडकं दिलं होतं. कुठल्याशा बंदरात एका न्हाव्याच्या दुकानात त्याला तो अंक दिसला, आणि आईने दिलेल्या आंबापोळीचा अर्धा डबा मोजून त्याने तो मिळवला.

रविवारची वाट कोणी पाहिली नाही. मी पेढीवरून आलो तेव्हा पडवीत बसायला जागा नव्हती. पहिल्या पानावर दातांचा डॉक्टर आपल्या माणसांना विचारत होता, पेटी समुद्रात टाकलीत ना? ते मान खाली घालून सांगत होते, समुद्र फार लांब होता, पाऊसही होता, म्हणून आम्ही गावाबाहेरच्या मोठ्या तळ्यात टाकली. पुढच्या चौकटीत पेटी आतून फुटलेली. तळ्याचं पाणी गोड. मिठाचा कण नाही. वीर उपरणं झाडत वर येत होता आणि तोंडाने सांगत होता की आपण वर येतोय.

पडवीत असा आनंद झाला की कोंबडा घाबरून माडावर चढायला गेला. आईने डोळ्यांना पदर लावला आणि तसाच काढून घेतला. माझी बायको एकटी हसत नव्हती. तिने मागचा अंक काढला, शेवटचं पान उजेडात धरलं आणि बोट ठेवलं.

"ही गाय पाणी पिता," ती म्हणाली.

आम्ही सगळे वाकलो. गाय खरोखर पाणी पीत होती. मान खाली होती ती त्यासाठीच, आणि खारं पाणी कुठली गाय पिते? चित्र काढणाऱ्याने खूण उघड्यावर ठेवली होती. दुसऱ्या कुठल्याही गावात ती पोरालासुद्धा दिसली असती. पण पलीकडचा काठ न दिसणारं पाणी म्हणजे दर्या, आणि दर्याकाठी गाय म्हणजे वाळूत बसायला आलेली, याहून वेगळं काही आमच्यापैकी कोणी जन्मात पाहिलं नव्हतं. मी त्या पानावरचे बुडबुडेसुद्धा मोजले होते. गाय पाहिली नव्हती.

बायकोचा मुद्दा पुढे आला. नवस होता दर्यातून बाहेर काढण्याचा. माणूस दर्यात गेलाच नव्हता. मिठाची भीतीही नव्हती. मग राखणदाराने काढलं कशातून? आईला हे खोडता येईना आणि मानवेना. भीती खरी होती, सुटकाही खरी होती. घरात निवाडा होईना, तेव्हा ठरलं की कोंबड्याऐवजी नारळ चालेल का, असा गावच्या देवळात कौल घ्यायचा. राखणदाराचं जे काही असेल ते तिथूनच सुटतं.

सोमवारी सकाळी आम्ही तिघं नारळ घेऊन गेलो. देवळात आपापली गाऱ्हाणी घेऊन बरीच माणसं होती. कोणाची म्हैस आटलेली, कोणाचं लग्न ठरत नव्हतं. गुरवाने देवाच्या अंगावर पाण्याने पाकळ्या चिकटवल्या, उजवी पडली तर होकार. आईकडून दर्याची भीती, गोड्या पाण्यातली सुटका आणि कोंबडा एवढं ऐकून घेतलं आणि विचारलं की नवस कोणासाठी. आई म्हणाली, एका मुलासाठी. गाव विचारला. आईने अमेरिका सांगितलं. मंडळी जरा सावरून बसली. मग गुरवाने नाव विचारलं, कारण गाऱ्हाणं घालताना नाव घ्यावंच लागतं.

आईने पदर डोक्यावरून पुढे ओढला.

"काकी, नाव सांगा. देव खंयच्या माणसाचा ऐकान घेतलो?"

"नाव सांगूचा नाय," आई म्हणाली. "तेणां तां कोणाक सांगूक नाय. माका कळला तां वाचून कळला. मी हय सांगलंय तर तेच्या कामात इघ्न येतला."

मंडळीत कुजबुज झाली. मी मागे नारळ घेऊन उभा होतो. एका वाक्यात मी सगळं उलगडून सांगू शकलो असतो. आईने वळून माझ्याकडे पाहिलं. मी वर घंटेकडे पाहिलं. माझ्याशेजारी बायको होती. तिने गुपित फोडलं असतं तर लोकांच्या हसण्यात सगळा नवसच उडाला असता आणि कोंबडा सुटला असता. तिनेही घंटेकडेच पाहिलं.

गुरव म्हातारा आणि अनुभवी होता. त्याने थोडा विचार केला, पंचा सारखा केला आणि हात जोडून मोठ्याने सुरू केलं:

"बा देवा महाराजा, ह्या माउलेन ज्या झिलासाठी नवस केल्यान, तेचा नाव तिच्या पोटात आसा. तिका ठावक, तुका ठावक. आमका कळूची गरज नाय."

"व्हय महाराजा!" सगळं देऊळ म्हणालं.

"तो दर्यात पडलो म्हणान ती भियाली. तो गोड्या पाण्यातसून सुखरूप भायर इलो. तेका पुढे पण असोच सांभाळ."

"व्हय महाराजा!"

"आता कोंबड्याच्या जाग्यार नारळ मान्य आसात, तर उजवो कौल दी."

या वेळचं "व्हय महाराजा" माझ्या बायकोचं सगळ्यांत मोठं होतं. तिचा एवढा मोठा आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता.

पाकळी लगेच पडली नाही. आई डोळे मिटून उभी होती, बायको उघडे ठेवून. मग एक पाकळी सुटली आणि सरळ उजवीकडे पडली. नारळ फुटला. आईने खोबऱ्याची शेरणी सगळ्यांना वाटली, म्हशीवाल्याला जरा मोठा तुकडा दिला. घरी येईपर्यंत ती सुनेशी बोलत होती, आणि बोलणं सगळं कोंबड्याचंच. आता त्याला स्वयंपाकघरात घ्यायचं नाही, यावर दोघींचं एकमत झालं. त्याने ते मानलं नाही.

पुढच्या रविवारी गुरव आमच्या पडवीत आला. जाता जाता टेकलो, म्हणाला, पण अंगावर धुतलेला सदरा होता. आईने त्याला पुढे बसवलं. मी वाचत होतो. पोस्टाची खिडकी आली, लाजाळू कारकून आला, शहरात भोंगा वाजला, कारकून पार्सलांच्या खोलीत शिरला आणि शर्टाचं पहिलं बटण सोडलं. गुरव चित्रावर वाकला. मग हळूच मान वर करून त्याने आईकडे पाहिलं.

"समाजला?" आई म्हणाली. "आता तुमच्या पण पोटात ऱ्हवांदे."

ते त्याच्या पोटात राहिलं. गावात कितीतरी वर्षं लोक विचारत, अमेरिकेतला तुमच्या आईचा तो मुलगा कोण? आई हसायची आणि कोंबड्याला भात घालायची. भाऊ पुढच्या रजेत सुखरूप घरी आला, नवी कॉमिकं घेऊन, या खेपेला कपांशिवाय. कोंबडा म्हातारा होऊन मेला. पोस्टातल्या त्या कारकुनाचं नाव मला अजून तोंडपाठ आहे. आईने ते देवळातसुद्धा घेतलं नाही, म्हणून मीही ते इथे लिहिलेलं नाही.